रात्रपाळीचं पाणी

२१ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

सुताच्या व्यापाऱ्यानं दिवाळीची भेट म्हणून ही डायरी दिली. पहिल्या पानावर नाव, धंदा, गाव लिहायला जागा आहे, ती भरून टाकली. सुकदेव, मागाच्या खात्यात मेहता म्हणजे हिशेबनीस, गोडादरा, सुरत. मूळ गाव पारोळ्याकडचं, त्याला जागा नव्हती.

आता रोज लिहायचं काय? खात्यात दिवसभर ताके लिहितो, कुणाच्या मागावर किती कापड उतरलं ते. घरी आल्यावर बोलायला माणूस नाही. सोनाली नववीत, ती पुस्तकात डोकं घालून बसते. सरला 'हं' आणि 'नको' यापलीकडे बोलत नाही. कुंदन गेल्या जानेवारीत गेला तेव्हापासून हे असंच आहे. पोरगा गेलेल्या बाईला 'बोल' म्हणून कसं सांगावं? मलाच कुठं बोलता येतंय. तिनं एकदा पूर्वीसारखं मला घालूनपाडून बोलावं एवढीच माझी इच्छा आहे. पूर्वी तिच्या तोंडाला कंटाळायचो, आता तेच ऐकायला कान आसुसलेत.

असो. लिहायचं होतं ते बंबाचं. आमचा तांब्याचा बंब गळायला लागलाय. पहाटे मोरीत गेलो तर फरशी ओली आणि बंबाखालची राख भिजून चिखल झालेला. तळाच्या सांध्यातून थेंब थेंब पडतोय. हा बंब सरलाच्या बापानं लग्नात दिलेला. पोटावर 'चि. सरला हिस वडिलांकडून' असं कोरलेलं आहे. पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात आमचं सगळ्यांचं अंघोळीचं पाणी त्यातच तापलं. जळणाला पैसा लागत नाही, खात्यातल्या मोडक्या लाकडी बॉबिनी पोतं भरून घरी आणतो. तेलानं मुरलेलं लाकूड, झटकन पेटतं. उन्हाळाभर बंब माळ्यावर होता, दिवाळीनंतर उतरवला, आणि आठवड्याभरातच हे.

२४ नोव्हेंबर, रविवार

बंब सायकलच्या कॅरियरला बांधून भागळच्या पुढं धनसुखभाई कंसाऱ्याकडे, म्हणजे तांबटाकडे, नेला. म्हाताऱ्यानं उलटा करून पाहिला, मधल्या नळीत हात घातला आणि म्हणाला, "पाणी वगर तपाव्यो छे." म्हणजे आत पाणी नसताना खाली जाळ चालू होता, म्हणून सांध्याचा डाख वितळून सुटला.

मी म्हटलं, काका, आमच्या घरी सगळी शहाणी माणसं आहेत. रिकामा बंब पेटवणारं कोणी नाही. त्यानं बंब आडवा घेतला. नवा डाख लावला, पाणी भरून दाखवलं, एक थेंब नाही. येताना रस्ताभर मला त्याचाच राग येत होता.

घरी सोनालीला विचारलं, कुणी रिकामा तर नाही ना पेटवला? ती म्हणाली, बोअरचं पाणी खारं आहे ना नाना, म्हणून होतं तसं. पटण्यासारखं आहे. खारानं तोटीसुद्धा पांढरी पडली आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर बंब कोरडा ठाक. डाख चांगला बसला म्हणायचा.

कुंदनच्या मागांवर गंजामचा एक ओडिया कारीगर ठेवलाय. या आठवड्यात तो दिवसाला आहे आणि प्रवीण रात्रीला. त्याच मागांवर दोघांची जोडी असते, एक दिवसाला तर दुसरा रात्रीला, आणि दर रविवारी उलटं. प्रवीण आमच्याच गल्लीतला, कुंदनचा जोडीदार. तीन वर्षं दोघं एकमेकांना पाळी देत-घेत होते. ओडिया पोरगा कामाला चांगला आहे. त्याच्याकडे बघायला मला नको वाटतं, त्यात त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

आज हात लिहितोच आहे तर तेही लिहून टाकतो. त्या दिवशी कुंदनची रात्रपाळी सकाळी सातला सुटली. धुकं होतं. चौफुलीवर ट्रकवाल्याला सायकल दिसली नाही. मी दिवसपाळीला जाताना तो मला खात्याच्या तोंडाशी नेहमी भेटायचा, हात वर करायचा. त्या दिवशी मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो होतो, बिल द्यायचं होतं एकाकडे, पोचायला उशीर झाला. घरी त्याच्यासाठी पाणी तापलेलं होतं. रात्रभर मागावर उभा राहून आलेल्या पोराला आल्या आल्या कढत पाणी लागायचं, अंगावरचा सुताचा भुगा गेल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. पण मयताला घरातल्या बंबाचं पाणी चालत नाही. अंगणात तीन विटांवर मडक्यात कोमट केलं आणि तेच त्याला घातलं. बंबातलं तसंच राहिलं.

४ डिसेंबर, बुधवार

परत गळतोय. तोच सांधा. त्या कंसाऱ्याला आता काय म्हणावं? शिवाय बॉबिनींचं पोतं अर्ध्यावर आलंय. परवा भरून आणलं होतं. शेजारच्या शांताबाईचा संशय येतो. तिची चूल मोरीच्या भिंतीलाच लागून आहे, दार उघडं दिसलं की हात घालत असेल.

या आठवड्यात प्रवीण दिवसाला आहे. दुपारी डबा खाताना जवळ आला, काकू कशा आहेत म्हणाला. 'मी सकाळी कामावर निघतो तेव्हा काकू दारात उभ्या असतात, मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघतात,' असं म्हणाला. ऐकून बरं वाटलं. निदान सकाळचं दारात येऊन उभी राहते. मी साडेसहाला घर सोडतो तेव्हा तर चुलीपुढं पाठमोरी असते, वळूनसुद्धा बघत नाही.

८ डिसेंबर, रविवार

पुन्हा भागळ. धनसुखभाईशी वाजलं. तो म्हणतो बंब पुन्हा रिकामा तापला, मी म्हणतो तुझा डाख हलका. शेवटी त्यानं सांध्यावर तांब्याची पट्टी बसवून दिली आणि म्हणाला, भाई, घरमां जरा पूछो. घरात काय विचारू? सरलाला विचारलं तर 'हं' म्हणेल.

तरी विचारलं. बंबात पाणी बघून पेटवतेस ना? 'हं' म्हणाली. आणि नखानं तोटीवरचा पांढरा खार खरवडत बसली.

१८ डिसेंबर, बुधवार

मधला आठवडा बंब धड होता, आणि या आठवड्यात पट्टीसकट सांधा गेला. मोरीत तळं. प्रवीण दिवसाला आला की माझ्यामागं हीच पीडा लागते असं आज मनात आलं आणि माझंच मला हसू आलं. प्रवीणचा आणि बंबाचा काय संबंध?

शांताबाईला जाऊन सुनावलं, आमच्या बॉबिनी घेता ते घेता, सांगून तरी घ्या. ती कंबरेला पदर खोचूनच बाहेर आली. म्हणाली तुमच्या लाकडाला मी शिवत नाही, उलट तुमच्या मोरीतून दुपारी बारा-बारा वाजेपर्यंत धूर येतो, माझ्या नातवाला खोकला लागलाय, एवढं पाणी कुणाला लागतं तुमच्यात? एक आठवडा बरा जातो नि दुसऱ्या आठवड्यात तुमचं सुरू होतं. मी म्हटलं, बाई, खोटं बोलायलाही हद्द असते. साडेसहाला मी अंघोळ करून बाहेर पडतो, सातला सोनाली शाळेत जाते. मागं घरात एकटी सरला, ती कशाला बारापर्यंत बंब पेटता ठेवेल?

भांडून आलो आणि बसलो. खात्यात कापडाला दोष आला तर पोरांना माझं पहिलं सांगणं असतं की मागाला शिव्या देऊ नका, आधी चालवणाऱ्याकडे बघा. बंबाच्या बाबतीत मात्र मी कंसाऱ्याला, बोअरला, शांताबाईला, सगळ्यांना धरून झालं.

लिहून ठेवलं, पण पुढं विचार करायला नको वाटतं.

२६ डिसेंबर, गुरुवार

सरलाचा भाऊ दगा आला होता. दोन दिवस राहिला. बहिणीकडे बघून माणूस रडकुंडीला आला. काल मला बाहेर ओट्यावर नेऊन म्हणाला की हिला काहीतरी लागलंय, आमच्याकडे एक भगत आहे, संक्रांतीला येऊन घेऊन जातो, चार-सहा महिने राहू द्या. मी नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मी थकलोय. एका घरात दोन माणसं गप्प बसली की ताटलीत चमचा वाजला तरी दचकायला होतं.

बंबाला बाजारात तात्पुरता डाख मारून घेतलाय, पण आता त्याचाही निकाल लावायचा ठरवला. भंगारवाला पाच तारखेला येऊन नेतो म्हणालाय. खात्याच्या शेठच्या घरी जुना विजेचा गिझर पडलाय, तो लावून घेईन. जेवताना हे सांगितलं. सोनाली घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. आणि सरला बोलली.

"बंब दिऊ नका."

एवढंच बोलली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिनं आपणहून तोंड उघडलं, ते एका गळक्या बंबासाठी. मला राग आला. म्हटलं, तुझ्या बापाचा आहे म्हणून का? मला असं म्हणायला नको होतं, आणि म्हणून झाल्यावर मी हात धुऊन उठलो.

२ जानेवारी १९९७, गुरुवार

आज कळलं.

नऊच्या सुमाराला खात्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले की कानात दडे बसल्यासारखं होतं. दुपारपर्यंत येत नाही म्हणाले, म्हणून सायकल काढली नि घरी आलो. गल्लीच्या तोंडापासूनच धूर दिसत होता. शांताबाई दारात होती, तिनं नुसतं आमच्या मोरीकडे बोट केलं.

आत बंब धडधडत होता. सरला त्याच्यासमोर पाटावर बसलेली. शेजारी बादली घासून पुसून ठेवलेली, वर तांब्या पालथा. खिळ्याला कुंदनची लुंगी आणि निळा पंचा. साबणाची नवी वडी कागदासकट फळीवर. मी दारात उभा राहिलो हे तिला कळलंसुद्धा नाही. दोन बॉबिनी उचलून तिनं नळीत टाकल्या आणि परत हात मांडीवर ठेवून बसली.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. झाकण उचललं तर आत तळाशी ओंजळभर पाणी, खळखळा उकळत होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर पूर्ण कोरडा होऊन डाख पुन्हा वाहून गेला असता. बादलीभर पाणी घेऊन जाळ विझवायला वाकलो तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"माले समजस," ती म्हणाली. "तो येनार नही. मी येडी नही." मग म्हणाली, "पन प्रवीण सकायले कामवर गया ना. म्हनजे त्यानी रातपाळी शे."

म्हणजे प्रवीण दिवसाला दिसला की कुंदन रात्रीला. तीन वर्षं तिचं घड्याळ तेच होतं. प्रवीणला जाताना बघायचं, मग बंबात पाणी भरायचं आणि जाळ लावायचा, कारण अर्ध्या तासात हा येणार. आताही ती तेच करते. भरते, पेटवते आणि बसते. त्यानंतर पाण्याकडे बघायचं तिला भान राहत नाही. निवू द्यायचं नाही एवढंच तिला माहीत. पाणी उकळून आटतं आणि सांधा सुटतो. प्रवीण रात्रीला असला त्या आठवड्यात कुंदन दिवसाला, मग तो माझ्याबरोबरच पहाटे अंघोळ करून गेलेला. म्हणून त्या आठवड्यात बंब धड.

एवढा साधा हिशेब आणि मी मेहता म्हणवतो.

बादली खाली ठेवली. पाणी हळूहळू बंबात ओतलं, एकदम ओतलं तर तांबं तडकतं. मग मीही तिथंच उंबऱ्यावर बसलो. ती रडली नाही. मी रडलो, पंच्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा हुंदके देऊन रडलो. त्या जानेवारीत माणसं होती, पोलीस होते, कागद होते, तेव्हा रडायला झालंच नव्हतं. तिनं पंचा काढून दिला नाही, तो त्याचा होता. स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं.

संध्याकाळी सोनालीनं सांगितलं की तिला दिवाळीनंतरच कळलं होतं. शाळेत जाताना ती दोन तांबे जास्तीचं पाणी ओतून जायची, पण तेवढं पुरायचं नाही. मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही बंब विकला असता.

५ जानेवारी, रविवार

भंगारवाला आला, त्याला परत पाठवला. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत गेला. सायकलला बंब बांधून भागळला नेला. धनसुखभाईला मीच म्हटलं, काका, तुमचं बरोबर होतं. त्यानं डाख लावला आणि तोटीचा खारही काढून दिला.

दगाला फोन केला, त्यांच्या गावच्या दुकानात निरोप ठेवला की संक्रांतीला येऊ नको, सरला इथंच राहील. काय कारण सांगायचं ते सुचेना, म्हणून कारण सांगितलं नाही.

पण पुढच्या रविवारी प्रवीण परत दिवसाला येणार. हिला नको करू म्हणून सांगू? जाळ लावल्याशिवाय ती राहायची नाही, आणि तिला अडवायचं माझं धाडस नाही. घरी थांबून रोज पाणी ओतत बसायला मला नोकरी सोडावी लागेल. डाख किती वेळा लावणार? बंब जुना झालाय, तांबं पातळ पडलंय. आणखी दोन-तीनदा असं झालं तर तळच जाईल, आणि मग हिचं काय होईल ते मला बघायचं नाही. तेव्हा तोडगा काढायला पाहिजे.

७ जानेवारी, मंगळवार

शेठकडे गेलो. म्हटलं, एक आठवडाआड मला रात्रपाळी द्या. शेठ म्हणाले, मेहताजी, या वयात? रात्रीचा मेहता बडोद्याचा आहे, त्याला दोन लहान मुली. त्याला विचारलं तर तो एका पायावर तयार. प्रवीण दिवसाला असेल त्या आठवड्यात मी रात्रीला, असं ठरलं.

शेठनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, घरचा बंब गळतो. ते हसले. खोटं तर काही सांगितलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

पहिली रात्र संपवून आलो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, तरी झोपायच्या आधी लिहितो.

सातला पाळी सुटली. बाहेर धुकं. मी त्या चौफुलीवरून वर्षभरात गेलो नव्हतो, लांबून वळसा घालून जायचो. आज गेलो. उतरून सायकल हातात धरून चौफुली ओलांडली. रस्त्यावर काही नव्हतं, चहावाल्याचा स्टोव्ह सुरू होता. आज उशीर झालेला प्रवीण समोरून येत होता, मला बघून सायकलवरून उतरला. त्यानं हात वर केला आणि गेला.

गल्लीत घंटी वाजवायची नव्हती, पण कुत्रं आडवं आलं नि वाजली. मोरीतून पाटाचा आवाज आला. सरला दारात आली. मला बघितलं. तिच्या तोंडावर जे आलं आणि गेलं ते मला लिहिता येणार नाही. मी तो नव्हतो, हे तिला तर माहीतच होतं. तरी.

मी चपला काढल्या. माझ्या केसांत, कानांत, मिशीत सुताचा भुगा होता. तिनं हात लांब करून माझ्या खांद्यावरचा एक धागा काढला, आणि आत वळून तोटी सोडली. बादलीत पाणी पडायला लागलं.

"आंग धुई ल्या," ती म्हणाली. "पानी थंडं व्हई राह्यनं."

पाणी इतकं कढत होतं की अंगावर घेववेना. पोरगा एवढं कढत घ्यायचा हे मला माहीत नव्हतं. मी त्यात थंड मिसळलं नाही. सगळी बादली संपवली. अंग पुसायला तिनं माझाच पंचा दिला, निळा खिळ्यावरच होता. बाहेर आलो तोवर तिनं चिमट्यानं निखारे ओढून काढले होते आणि बंबात पाणी भरून ठेवलं होतं. मग आम्ही भाकरी खाल्ली. ती माझ्याबरोबर बसली, आणि मी तिखट जास्त आहे म्हटलं तर म्हणाली, तुम्हाले कधी आवडनं शे का काही.

२९ जानेवारी, बुधवार

आज कुंदनचं वर्षश्राद्ध. रात्रपाळी करूनच आलो, सुट्टी घेतली नाही. घेतली असती तर सकाळी घरी येणारं कोण होतं?

अंघोळ केली, भटजी आले, पिंड झाले. कावळा लगेच शिवला. प्रवीण अर्धा दिवस रजा टाकून आला होता. आणि बोलावलं नसताना तो ओडिया पोरगाही आला, हातात केळी घेऊन दाराशीच उभा राहिला. सरलानं त्याला आत बोलावलं, पाट दिला, पानावर वाढलं. त्याला भाषा कळत नव्हती. ती त्याला मराठीतच आग्रह करत राहिली आणि तो मान हलवत खात राहिला.

सगळे गेल्यावर मी आडवा झालो. अर्धवट झोपेत मोरीतून पाण्याचा आवाज आला. उठून बघितलं तर बंबात उरलेलं कोमट पाणी काढून सरला आपलं डोकं धूत होती. गेलं वर्षभर ती थंड पाण्यानंच अंघोळ करत होती, तेही मला आज कळलं. मी तिला न दिसता परत येऊन पडलो.

डाख टिकलाय. तिन्ही आठवडे एक थेंब नाही. येत्या रविवारी पाळी बदलेल, मी दिवसाला. त्यानंतरच्या रविवारपासून पुन्हा रात्र, रात्रीच्या मेहत्याला आठवण दिली आहे. होळीनंतर ऊन वाढेल, तेव्हा दर वर्षी मी बंब पुसून माळ्यावर ठेवतो. या वर्षी तिनं सांगितल्याशिवाय ठेवणार नाही. रात्रपाळी चालू राहील.